लाल गाडीची वाट

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, सान गाब्रिएलच्या मिशनपासून काही मैलांवर, ४ सप्टेंबर १७८१ रोजी अकरा कुटुंबांनी एक खेडे वसविले आणि त्याला देवदूतांच्या राणीचे नाव दिले. ते लांबलचक स्पॅनिश नाव काळाच्या ओघात झिजत गेले व 'लॉस एंजेलिस' एवढेच उरले. हे शहर आज जगाला ठाऊक आहे ते चित्रपटांसाठी आणि मोटारींसाठी. आठ-आठ, दहा-दहा मोटारी शेजारून धावू शकतील असे रुंद रस्ते, त्यांवर तासन् तास खोळंबलेली वाहने, आणि पायी चालणारा माणूस क्वचितच दिसावा अशी वस्ती, असेच या शहराचे चित्र आपल्या मनात असते.

पण हे शहर मोटारींनी वाढवलेले नाही. ते वाढवले विजेच्या आगगाडीने. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत लॉस एंजेलिसच्या भोवती एक हजार मैलांहून अधिक लांबीचे विजेच्या गाडीचे रूळ पसरले होते. शहरांना जोडणाऱ्या विद्युत रेल्वेचे एवढे मोठे जाळे त्या काळी जगात क्वचितच कुठे असेल. ही गाडी लाल रंगाची होती, म्हणून लोक तिला 'लाल गाडी' म्हणत. या जाळ्यातील बहुतेक मार्ग एकेक करून बंद झाले. सर्वांत शेवटी बंद पडला तो लॉस एंजेलिस ते लाँग बीच हा मार्ग. आणि एकोणतीस वर्षांनी नव्या स्वरूपात जो सर्वांत आधी सुरू झाला, तोही हाच मार्ग. एका मार्गाची ही कथा असली, तरी सर्वांच्या उपयोगाची वस्तू कशी निर्माण होते, कशी हातची जाते आणि परत मिळवताना काय मोल पडते, हे समजण्यास ती पुरेशी आहे.

जमिनीसाठी गाडी

हेन्री हंटिंग्टन हे या कथेतले पहिले पात्र. त्यांचे काका कॉलिस हंटिंग्टन हे सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीचे प्रमुख होते. १९०० साली काकांचे निधन झाले. त्या कंपनीची सूत्रे काही पुतण्याच्या हाती आली नाहीत. पण वारसाहक्काने अफाट संपत्ती आली. त्या वेळी लॉस एंजेलिसची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती. शहरातील ट्रामचा व्यवसाय हंटिंग्टन यांनी १८९८ सालीच विकत घेतला होता. नोव्हेंबर १९०१ मध्ये त्यांनी आपल्या भागीदारांसह पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वे कंपनी स्थापन केली. शहराबाहेर दूरदूरच्या गावांना विजेच्या गाडीने जोडणे, हा तिचा उद्देश.

या कंपनीचा पहिला मोठा मार्ग म्हणजे लाँग बीचचा. समुद्रकाठचे हे गाव लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस सुमारे वीस मैलांवर. आपल्याकडच्या हिशेबाने चर्चगेट ते बोरिवली एवढे हे अंतर समजावे. १९०० सालच्या शिरगणतीत या गावाची वस्ती अवघी २,२५२ होती. एवढ्याशा गावासाठी एवढा खर्च कोण करील, असे कोणालाही वाटावे. ४ जुलै १९०२ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पहिली गाडी धावली. १९१० साली लाँग बीचची वस्ती १७,८०९ झाली आणि १९२० साली ५५,५९३.

हंटिंग्टन यांच्या खर्चामागचा हिशेब या आकड्यांत दडलेला आहे. गाडीच्या तिकिटातून फार पैसा मिळावा अशी त्यांची अपेक्षा नव्हती. रूळ जिकडे जाणार, तिकडची जमीन आधी स्वस्तात घ्यावी. गाडी सुरू झाली की तिचे प्लॉट पाडून चढ्या भावाने विकावेत, ही त्यांची खरी योजना होती. त्यासाठी १९०२ साली त्यांनी जमीनजुमल्याची स्वतंत्र कंपनीही काढली. विजेचा धंदाही त्यांच्याच हाती होता. म्हणजे गाडी माणसांना आणी, माणसे जमीन घेत, घरांत वीज घेत, आणि गाडीत झालेला तोटा जमिनीच्या नफ्यात भरून निघे. ही युक्ती चतुर होती यात शंका नाही. परंतु तिच्यात एक उणेपण जन्मापासूनच होते. जमीन एकदाच विकता येते; गाडी मात्र रोज चालवावी लागते. जमीन विकून संपल्यावर गाडीचा तोटा कोणी सोसायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या योजनेत नव्हते.

हंटिंग्टन यांनी हे ओळखले असावे. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी पॅसिफिक इलेक्ट्रिकमधील आपला हिस्सा सदर्न पॅसिफिकला देऊन टाकला. शहरातील पिवळ्या रंगाच्या ट्रामगाड्या तेवढ्या स्वतःकडे ठेवल्या आणि आपले पुढचे आयुष्य ग्रंथसंग्रह व चित्रसंग्रह करण्यात घालविले. १९११ साली गुटेनबर्गच्या बायबलची एक प्रत त्यांनी पन्नास हजार डॉलरला घेतली. ती आजही लॉस एंजेलिसजवळच्या त्यांच्या ग्रंथालयात पाहावयास मिळते. ती प्रत ज्या पैशाने घेतली गेली, त्यात लाल गाडीच्या वाटेवर प्लॉट घेणाऱ्या साध्या कुटुंबांची पुंजीही होती, हे विसरता येत नाही.

रूळ टाकणारे हात

मालकाची गोष्ट इतिहासात ठळकपणे नोंदली जाते. मजुराची शोधावी लागते. लाल गाडीचे रूळ टाकण्याचे काम मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्या मजुरांनी केले. एप्रिल १९०३ मध्ये शहराच्या मुख्य रस्त्यावर रूळ टाकणाऱ्या या मजुरांनी काम थांबविले. ताशी साडेसतरा सेंटऐवजी वीस सेंट मिळावेत, एवढीच त्यांची मागणी होती. शहरात मोठ्या उत्सवाची तयारी चालू होती आणि काम वेळेवर पुरे व्हावयाचे होते. कंपनीने मागणी धुडकावली, दुसरे मजूर आणले आणि संप मोडला. ताशी अडीच सेंटचा हा झगडा होता.

या मजुरांपैकी कित्येकांची घरे वॉट्स नावाच्या वस्तीत होती. लॉस एंजेलिस व लाँग बीच यांच्या दरम्यान वॉट्स हे मोठे जंक्शन होते. शहरापासून वॉट्सपर्यंत चार रूळमार्ग शेजारी-शेजारी होते. जलद गाड्या आणि प्रत्येक थांब्यावर थांबणाऱ्या गाड्या एकमेकींना अडथळा न करता धावत. पुढे तेथून निरनिराळ्या दिशांना फाटे फुटत. १९०४ साली तेथे लाकडाचे एक सुबक स्टेशन बांधले गेले. जमीन स्वस्त, गाडी दाराशी, म्हणून मेक्सिकन, इटालियन, कृष्णवर्णीय आणि गोरे अशी सर्व प्रकारची कष्टकरी माणसे वॉट्समध्ये राहावयास आली. हे आधी स्वतंत्र गाव होते. १९२६ साली ते लॉस एंजेलिसमध्ये सामील झाले.

याच वॉट्समध्ये, रुळांच्या अगदी जवळ, सायमन रोडिया या इटालियन गवंड्याने १९२१ साली एक तिकोनी तुकडा विकत घेतला आणि पुढची तेहेतीस वर्षे दिवसाचे काम आटोपल्यावर एकट्याने तेथे मनोरे उभारले. लोखंडी कांबी, जाळी आणि सिमेंट यांवर फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा व शिंपले त्याने जडविले. कांब वाकवायची झाली म्हणजे तो ती रुळाखाली अडकवून वाकवीत असे. सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फुटांचा झाला. लाल गाडीतून जाणाऱ्या प्रवाशांना ते मनोरे वर्षागणिक वाढताना दिसत असत. पुढे नगरपालिकेने धोकादायक म्हणून ते पाडावयाचे ठरविले, तेव्हा १९५९ साली यंत्राने ओढून त्यांची परीक्षा घेण्यात आली. मनोरे हलले नाहीत. आज ते राष्ट्रीय स्मारक आहेत.

गाडी का रखडली?

लाल गाडीचा वेग हा तिचा अभिमान होता. लाँग बीचच्या मार्गाचा बराचसा भाग रस्त्यापासून वेगळा, कंपनीच्या स्वतःच्या जमिनीच्या पट्ट्यावरून जात होता. त्यामुळे उघड्या मैदानात गाडी सुसाट धावे. जानेवारी १९१० मध्ये या मार्गावरच्या दोमिंगेझ येथील माळावर विमानांचे भव्य प्रदर्शन भरले. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला मोठा सोहळा. तो पाहण्यासाठी लोटलेल्या गर्दीची ने-आण लाल गाड्यांनी केली.

पण गाडीने जी वस्ती आणली, त्याच वस्तीने गाडीची वाट अडविली. माळरानांची नगरे झाली. नव्या नगरांना रस्ते हवे होते, आणि प्रत्येक नवा रस्ता रुळांना आडवा छेद देऊ लागला. जेथे पूर्वी एखादी पायवाट होती, तेथे आता फाटक आले. जेथे बैलगाडी जात असे, तेथून मोटारींची रांग जाऊ लागली. लॉस एंजेलिसची वस्ती १९१० साली ३,१९,१९८ होती. १९३० साली ती १२,३८,०४८ झाली. या वीस वर्षांत मोटार ही श्रीमंतांची चैन राहिली नाही. हवामान कोरडे, जमीन सपाट, घरे दूरदूर आणि मोटारी स्वस्त. त्यामुळे हे शहर दरडोई मोटारींच्या बाबतीत जगात आघाडीवर गेले. विशेष असे की, घरे दूरदूर पसरली होती ती लाल गाडीमुळेच.

शहराच्या मध्यभागी तर गाड्या आणि मोटारी एकाच रस्त्यावर कोंडल्या जात. एप्रिल १९२० मध्ये नगरपालिकेने कामाच्या वेळेत मध्यवर्ती भागात मोटारी उभ्या करण्यास बंदी केली. ट्रामगाड्या वेळेवर धावू लागल्या. परंतु दुकानदारांनी व मोटारवाल्यांनी एवढा ओरडा केला की, थोड्याच दिवसांत ती बंदी सैल करावी लागली. बहुसंख्य लोक गाडीने येत होते, तरी ऐकले गेले ते मोटारीने येणाऱ्यांचे. पुढील चाळीस वर्षांत जे घडले, त्याची ही नांदी होती.

उपाय नव्हता असे नाही. १९२५ साली तज्ज्ञांनी शहरासाठी भुयारी आणि उंच खांबांवरील रेल्वेची सविस्तर योजना सादर केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिकने शहराच्या मध्यात सुमारे एक मैलाचे भुयार खुलेही केले. परंतु मोठी योजना अमलात आणावयाची तर सार्वजनिक पैसा लागणार होता, आणि तो एका खाजगी कंपनीच्या हाती द्यावयास लोक तयार नव्हते. सदर्न पॅसिफिकने अनेक दशके कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर हुकमत गाजविली होती. तिच्याविषयी लोकांच्या मनात रोष होता. १९२६ साली मतदारांनी उंच खांबांवरील रेल्वे नाकारली आणि सर्व कंपन्यांसाठी एक भव्य सामाईक स्टेशन मागितले. रस्त्यांसाठी मात्र सरकारी पैसा सढळपणे मिळत राहिला. रस्ता हा सर्वांचा आणि रेल्वे ही कंपनीची, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की झाली. गाडीतले प्रवासीही 'सर्व'च होते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल व टायर यांवर नियंत्रणे आली, तेव्हा लाल गाडीला पुन्हा बहर आला. वर्षाला दहा कोटींहून अधिक प्रवासी तिने वाहिले. पण युद्ध संपले आणि लोक पुन्हा मोटारींकडे वळले. जुने डबे, झिजलेले रूळ, फाटकांवरचे अपघात आणि वाढता तोटा यांनी कंपनी थकली. १९५३ साली तिने प्रवासी वाहतूक एका बस कंपनीला विकून टाकली. १९५८ साली ती शासनाने स्थापिलेल्या परिवहन प्राधिकरणाकडे आली. पण तोवर प्राधिकरणाकडे देण्यासारखे थोडेच उरले होते, आणि प्राधिकरणालाही कर बसविण्याचा अधिकार नव्हता. ८ एप्रिल १९६१ च्या रात्री लाँग बीच मार्गावरची शेवटची लाल गाडी निघाली. दुसऱ्या दिवसापासून प्रवाशांसाठी बस आली. शहरातील पिवळ्या ट्रामगाड्याही ३१ मार्च १९६३ रोजी थांबल्या.

दोष कोणाचा?

लाल गाडी कोणी मारली, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर अमेरिकेत घरोघरी ऐकू येते. मोटारी, टायर आणि तेल यांच्या कंपन्यांनी संगनमत केले, रेल्वे विकत घेतली आणि बसगाड्या खपाव्यात म्हणून ती मोडली, असे ते उत्तर. १९८८ साली आलेल्या एका लोकप्रिय चित्रपटाने या समजुतीला अधिकच बळ दिले.

या कथेत सत्याचा अंश आहे. नॅशनल सिटी लाइन्स या कंपनीत जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि काही तेल कंपन्यांचा पैसा होता. १९४९ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. अनेक शहरांतील वाहतूक कंपन्यांना आपल्याच बसगाड्या, टायर व तेल विकण्याची मक्तेदारी साधण्याचा कट त्यांनी केला, हा तो दोष. कंपन्यांना प्रत्येकी पाच हजार डॉलर दंड झाला आणि अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक डॉलर. परंतु नॅशनल सिटी लाइन्सने लॉस एंजेलिसमध्ये १९४५ साली ताब्यात घेतल्या त्या पिवळ्या ट्रामगाड्या. लाल गाडी तिच्या मालकीची कधीच नव्हती. शिवाय लाल गाडीचे मार्ग त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होऊ लागले होते; आणि लाँग बीचची शेवटची गाडी थांबविली ती एका सार्वजनिक प्राधिकरणाने.

एक खलनायक सापडला की मनाला बरे वाटते. कारण मग आपण निर्दोष ठरतो. पण इतिहास या बाबतीत निष्ठुर आहे. जमिनीचा नफा घेऊन बाजूला झालेला मालक, मालवाहतुकीत रस असलेली व प्रवाशांचे ओझे टाळणारी कंपनी, रुळांवर मोटार उभी करून दुकानात गेलेला ग्राहक, भाडेवाढीला विरोध करणारा पण करही देऊ न इच्छिणारा मतदार, आणि निर्णय पुढे ढकलणारे लोकप्रतिनिधी, या सर्वांनी मिळून हे घडविले. कोणी एकाने गुन्हा केला नाही, म्हणून कोणी जबाबदारीही घेतली नाही.

मधली वर्षे

गाडी बंद झाल्याने ज्यांच्याकडे मोटार होती त्यांचे फारसे बिघडले नाही. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे बिघडले. वॉट्स ही आता बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती झाली होती. कारण शहराच्या इतर अनेक भागांत त्यांना घरे मिळू दिली जात नव्हती. कारखाने दूर गेले होते. ११ ऑगस्ट १९६५ रोजी पोलिसांनी एका तरुण मोटारचालकाला पकडल्याचे निमित्त होऊन तेथे दंगल उसळली. सहा दिवसांत चौतीस माणसे मेली. एकशे तिसऱ्या रस्त्यावरील दुकाने जळून खाक झाली. लाकडाचे जुने रेल्वे स्टेशन मात्र त्या आगीतून वाचले.

या दंगलीची कारणे खोल होती. वर्णद्वेष, बेकारी आणि पोलिसांचे वर्तन ही त्यांत प्रमुख. गाडी बंद पडल्यामुळे दंगल झाली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु चौकशीसाठी नेमलेल्या मॅकोन आयोगाने त्याच वर्षाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात वाहतुकीचा प्रश्न मुद्दाम नोंदविला. बससेवा अपुरी व महाग असल्यामुळे या भागातील माणसाला काम शोधण्यासही जाता येत नाही, असा त्याचा आशय होता. चार वर्षांपूर्वीपर्यंत याच वस्तीतून शहराकडे रेल्वेगाडी जात होती. बंद करताना तोटा मोजला गेला होता. न मिळालेल्या नोकऱ्या, चुकलेला दवाखाना आणि बसच्या प्रतीक्षेत गेलेले तास कोणत्याही जमाखर्चात लिहिले गेले नव्हते.

पुन्हा त्याच वाटेवर

या काळात एक गोष्ट, जवळजवळ नकळत, शाबूत राहिली. ती म्हणजे वाट. विजेच्या तारा काढल्या गेल्या, प्रवासी गेले. पण लाँग बीचकडे जाणाऱ्या त्या पट्ट्यावरून सदर्न पॅसिफिकच्या मालगाड्या डिझेलच्या इंजिनाने चालतच राहिल्या. बंदराकडचा माल ने-आण करावयाचा असल्याने कंपनीने ती जमीन विकली नाही. इतर कित्येक मार्गांच्या जमिनीवर घरे झाली, दुकाने झाली, रस्ते झाले. येथे मात्र शहराच्या दाट वस्तीतून जाणारी मैलोगणती मोकळी पट्टी तशीच राहिली.

शहराची कोंडी आणि धुरकट हवा असह्य झाली, तेव्हा लोकांना रेल्वेची आठवण झाली. तरीही पैसे देण्याचा प्रश्न आला की मन कच खाई. १९६८, १९७४ आणि १९७६ अशा तीन वेळा रेल्वेसाठी कर बसविण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. अखेर नोव्हेंबर १९८० मध्ये, काउंटीच्या कारभारी मंडळातील केनेथ हान यांच्या पुढाकाराने, विक्रीकरात अर्धा टक्का वाढ करण्याचा प्रस्ताव सुमारे ५४ टक्के मतांनी संमत झाला. दोन-तृतीयांश मते हवी होती, असा आक्षेप घेऊन प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८२ साली न्यायालयाने कर वैध ठरविला. प्रस्तावातच असे वचन होते की, तीन वर्षे बसचे भाडे पन्नास सेंटपर्यंत खाली आणले जाईल. ते वचन पाळले गेले.

पहिला मार्ग कोणता बांधावा? लाँग बीचचा निवडला गेला. वॉट्स व कॉम्प्टन या गरीब वस्त्या त्याच्या वाटेवर होत्या, हे एक कारण. पट्टी तयार होती, त्यामुळे भुयार खणण्यापेक्षा काम कितीतरी स्वस्त व लवकर होणार होते, हे दुसरे. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये बांधकामाचा आरंभ झाला आणि १४ जुलै १९९० रोजी 'ब्लू लाइन' या नावाने गाडी सुरू झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत तिची दोन्ही टोके पूर्ण झाली. लांबी सुमारे बावीस मैल, खर्च ८७.७ कोटी डॉलर. वॉशिंग्टन रस्त्यापासून लाँग बीचच्या उत्तर भागापर्यंत ती जुन्या लाल गाडीच्याच वाटेने जाते. वर तार, खाली रूळ, बाजूला मालगाडीचा मार्ग. पूर्वी तारेतून सहाशे व्होल्टचा प्रवाह वाहत असे, आता साडेसातशे व्होल्टचा. डबे जपानी कंपनीने बनविलेले होते. वॉट्सचे जुने लाकडी स्टेशन जपलेले आहे आणि नवा थांबा त्याच्याच शेजारी आहे.

वाटेबरोबर तिचे दोषही वारशाने आले. पैसा वाचविण्यासाठी कित्येक ठिकाणी जुनी फाटकेच कायम ठेवली गेली. शेजारून मालगाडी गेली की फाटक लवकर उघडेल असे समजून माणसे रूळ ओलांडू पाहात आणि दुसऱ्या बाजूने येणाऱ्या गाडीखाली सापडत. या मार्गावर आजवर शंभराहून अधिक माणसांचे बळी गेले आहेत. फाटके सुधारली गेली, कठडे घातले गेले. पण पुलांवर वाचविलेल्या पैशांची किंमत अशा रीतीने चुकवावी लागली. विक्रीकराचा भार श्रीमंतांपेक्षा गरिबांना अधिक जाणवतो, हेही खरे. नव्या गाडीचे गुण गाताना या गोष्टी झाकणे बरे नव्हे.

तरीही लोक गाडीत बसले. कालांतराने ती अमेरिकेतील सर्वांत वर्दळीच्या अशा मार्गांपैकी एक झाली. २०१९ साली ती मोठ्या दुरुस्तीसाठी टप्प्याटप्प्याने बंद ठेवली गेली आणि 'ए लाइन' या नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. १६ जून २०२३ रोजी शहराच्या पोटातून नवे भुयार खुले झाल्यावर ती उत्तरेकडील मार्गाला जोडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती पोमोनापर्यंत पोहोचली. आता लाँग बीच ते पोमोना असा सुमारे सत्तावन्न मैलांचा प्रवास गाडी न बदलता करता येतो, आणि या प्रकारच्या शहरी रेल्वेतील हा जगातील सर्वांत लांब मार्ग गणला जातो. पश्चिमेकडे सांता मोनिकाला जाणारी गाडीही १९५३ साली बंद झालेल्या लाल गाडीच्याच जुन्या पट्ट्यावरून २०१६ पासून समुद्रापर्यंत जाऊ लागली आहे.

उरलेली गोष्ट

या सर्व इतिहासात मनाला थांबविणारी गोष्ट गाडी नव्हे, वाट होय. डबे भंगारात गेले. काही थोडे पेरिस येथील रेल्वे संग्रहालयात हौशी माणसांनी जपून ठेवले. रूळ उखडले गेले व पुन्हा टाकता आले. तारा काढल्या गेल्या व पुन्हा ताणता आल्या. पण जमिनीची ती अखंड पट्टी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली असती, तर ८७.७ कोटीच काय, त्याच्या अनेकपट रकमेतही ती परत मिळाली नसती. आणि ती राहिली ती कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. मालगाडीच्या गरजेने, म्हणजे जवळजवळ योगायोगाने. ज्या मार्गांना असा योगायोग लाभला नाही, ते आता नकाशातच उरले आहेत.

एखादी गोष्ट आज तोट्यात आहे म्हणून ती बंद करण्याची वेळ येते, तेव्हा दोन निर्णय करावयाचे असतात. चालू ठेवायचे की थांबवायचे, हा पहिला. तो कधी कधी अटळ असतो, आणि १९६१ साली तो अटळ होता असे मानावयासही जागा आहे. पण पुढे येणाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवायची की तीही विकून टाकायची, हा दुसरा निर्णय त्याहून मोठा असतो. पहिल्याची किंमत आपण देतो. दुसऱ्याची किंमत देणारे त्या सभेत हजर नसतात; त्यांतले काही अजून जन्मालाही आलेले नसतात.

आज सकाळी वॉट्सच्या थांब्यावर गाडीची वाट पाहणारी बाई दवाखान्यात कामाला जात असेल, मुलगा महाविद्यालयात जात असेल. ते ज्या भूमीवर उभे आहेत, तेथे ताशी साडेसतरा सेंटवर रूळ टाकणाऱ्या मजुरांचे दिवस गेले. अडीच सेंट अधिक मिळावेत म्हणून त्यांनी हातातली कुदळ खाली ठेवली होती, आणि ते अडीच सेंट त्यांना मिळाले नाहीत. त्यांची नावे कोणत्याही स्टेशनवर लिहिलेली नाहीत.